काकूंची कर्दळ

इंदूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्रभर मिरवणुकीत गिरण्यांच्या झांक्या, ते रोषणाईचे चित्ररथ, पाहून पहाटे घरी आलो. फाटक उघडलं तर भिंतीलगत काकूंची कर्दळ लालभडक फुललेली, माझ्या खांद्याएवढी. झोपच उडाली. तसाच तुला लिहायला बसलो.

इथलं रामबागेतलं घर सोडताना काकूंनी घमेलंभर कंद माझ्या हाती दिले होते, आठवतं? "ऊन भरपूर दे," एवढंच म्हणाल्या होत्या. गेल्या वर्षी ऊन दिलं, पण मातीकडे पाहिलं नाही. आपली माळव्याची काळी माती तुला ठाऊकच आहे: उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाणी तुंबून नुसता चिखल. कर्दळीनं ते सोसलं, तिला ओल मानवते. पुढच्या रांगेतला निशिगंध मात्र गेला. उकरून पाहिलं तर कांद्यांचा लगदा हाताला लागला. फार वाईट वाटलं रे.

म्हणून यंदा फेब्रुवारीत सगळी क्यारी दीड फूट खणली, जुनं शेणखत आणि नर्मदेची वाळू मिसळली आणि वीतभर उंच केली. मागे कर्दळ दोन-दोन फुटांवर, मध्ये पिवळा गोल्डनरॉड, पुढे एकेरी निशिगंध. दुहेरी दिसतो भरगच्च, पण वास एकेरीचाच. आधाराच्या कामट्या कंद लावतानाच रोवल्या. मागाहून ठोकल्या की कंदात घुसतात.

कर्दळीचा दांडा एकदा फुलून संपला की त्याला पुन्हा फूल नाही. तो जमिनीलगत कापला की शेजारचे कोंब जोर धरतात. हे कळेपर्यंत मी वाळके दांडे जपत बसलो होतो! निशिगंधाचंही तसंच: फुललेला कांदा परत फुलत नाही, त्याच्या कुशीतली पिल्लं फुलतात. त्यामुळे तो दरवर्षी उपटायचा नाही. दोन-तीन वर्षांनी बेट दाटलं की पिल्लं सोडवून लावायची. यंदा गणपतीपुढे रोज घरचाच निशिगंध होता. संध्याकाळच्या आरतीला घरभर दरवळ.

फेब्रुवारीत कर्दळीचं बेट फोडणार आहे. दोन-तीन डोळे असलेले कंद घेऊन मीच बडोद्याला येतो, कुरिअरवर भरवसा नाही. तुझ्या अंगणात दिवसभर ऊन राहतं ती जागा मोकळी ठेव.

आणि काकूंना आठवणीनं विचार, त्या घमेल्यात ठिपक्यांची पिवळी होती ना? ती अजून फुललेली नाही, मी रोज पाहतोय.

तुझाच