कपाटातली डिस्क तशीच राहू द्या

स्टुटगार्ट,
रविवार

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर माझे बोलणे तुटक झाले आणि त्यावरून मी काहीतरी लपवते आहे असे आईने ठरवून टाकले, हे दादाकडून कळले. लपवण्यासारखे काही नाही. माझी तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि घरचा एकही फोटो कायमचा गेलेला नाही. बिघडली होती ती माझ्या सर्व्हरची, म्हणजे घरचे फोटो साठवणाऱ्या माझ्या कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे त्याची काम करतानाची तात्पुरती स्मृती. एवढे वाचून आईने पत्र खाली ठेवले तरी चालेल; बाबांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, कारण त्यांच्याकडे एक काम आहे.

त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत आणि दोन्हींवर तेच ते सगळे लिहिले जाते, हे मागे सांगितले होते. त्यावरची झेडएफएस नावाची व्यवस्था प्रत्येक तुकड्यासोबत त्याची ताळा-बेरीज, म्हणजे चेकसम, लिहून ठेवते आणि महिन्यातून एकदा सगळे वाचून ताळा जुळतो का ते पाहते. या वेळी दोन्ही डिस्कांवर चुका निघाल्या, त्याही जवळजवळ सारख्याच संख्येने. मी आधी केबल बदलली, मग डिस्कांचे स्वतःचे आरोग्य-अहवाल तपासले; ते स्वच्छ होते. दोन निरनिराळ्या डिस्का एकाच दिवशी सारख्याच आजारी पडत नाहीत, दोष दोघींच्या आधीच्या वाटेवर असणार, हे कळायला मला चार दिवस लागले. मधल्या काळात रॅम भरलेली दिसते म्हणून मी तिलाही बोल लावला होता. पण झेडएफएस मोकळी रॅम वाचनासाठी मुद्दाम वापरते, त्यामुळे रॅम भरलेली असणे हा आजारच नव्हे. आजार असतो तो रॅमने ठेवायला दिलेले जसेच्या तसे परत न करण्यात.

मग सर्व्हर बंद केला, कारण तो चालू राहिला असता तर चुकीचेच लिहीत गेला असता. दादा जुन्या कॉम्प्युटरची रॅम खोडरबराने घासायचा, तसे रॅमच्या दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात घासून पुन्हा बसवले, वेग वाढवणारी सेटिंग काढून टाकली आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. ही चाचणी रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहून परत वाचते. पाऊण तासात पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या.

पुढचे काम एकेक पट्टी काढून करायचे होते आणि मला सवड मिळाली ती रविवारी. इथला रविवार तुम्हाला समजावून सांगायलाच हवा. या दिवशी दुकाने बंद असतात हे तुम्हाला माहीत आहे. पण भिंतीला ड्रिल लावायचे नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो, आणि कपडे धुण्याचे मशीनही जपून लावायचे. ही नुसती रीत नव्हे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जाईल, हे १९१९ च्या जर्मनीच्या जुन्या राज्यघटनेतले कलम आजच्या घटनेतही कायम ठेवलेले आहे. आपल्याकडे रविवारी सकाळी शेजारी फरशी कापायला बसतो आणि आपण त्याला चहा नेऊन देतो, त्यामुळे हे अंगवळणी पडत नाही. चाचणी सुरू असताना सर्व्हरचा पंखा पूर्ण जोराने फिरतो. दुपारी दोनला दारावर सुबक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: आपल्याकडे एखादे यंत्र सुरू राहिले आहे काय, अशी काळजीयुक्त चौकशी. मी सर्व्हर न्हाणीघरात नेला, खाली टॉवेल घातला आणि दार लावून घेतले.

पहिल्या पट्टीवर रात्रभर एकही चूक नाही. दुसरी त्याच खाचेत घातल्यावर लाल ओळी, आणि खाच बदलली तरी लाल ओळी. दोष पट्टीचाच होता. बाबा, ‘एवढा पगार असताना वापरलेली रॅम कशाला घेतलीस’ हे तुम्ही म्हणणारच आहात. नवीही बिघडते. बिघाड वेळीच पकडणारी ईसीसी रॅम दर चौसष्ट बिटांमागे आठ जादा बिट ठेवते आणि एका बिटाची चूक जागीच दुरुस्त करते. पण माझ्या सर्व्हरचा मुख्य बोर्ड ती घेत नाही आणि दादाच्या लग्नाच्या वर्षी मी नवा बोर्ड घेणार नाही.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये मी सगळे फोटो सालवार नव्या जागी कॉपी केले आणि जुनी मांडणी पुसून टाकली. जे रॅममध्येच बिघडले आणि मग ताळा मांडला गेला, त्याचा ताळा बरोबरच येतो, त्यामुळे सर्व्हरला ते चुकीचे आहे हे कधीच कळणार नाही. तुम्ही स्कॅन केलेला २००३ च्या सिंहस्थातला रामकुंडावरचा फोटो उघडला, तर आजी खांद्यापर्यंत नीट आहे आणि तिच्याखालच्या पायऱ्या जांभळ्या होऊन एका बाजूला सरकल्या आहेत. असे एकतीस फोटो आतापर्यंत सापडले आहेत.

गेल्या वर्षी ‘सगळे माझ्याकडे सुरक्षित आहे, मूळ फोटोंची ती जुनी डिस्क पुसून दादाला द्या’ असे मीच तुम्हाला सांगितले होते आणि तुम्ही ऐकले नाहीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. डिस्क गोदरेजच्या कपाटात आहे तशीच राहू द्या. ती कॉम्प्युटरला जोडू नका, तिच्यावर नवे काही टाकू नका, आणि माझ्या सर्व्हरवरून दादाने काही उतरवून घेतले असेल तर ते वेगळे ठेवा. मी आल्यावर दोन्हीकडच्या फाइली एकेक ताडून पाहीन. आई, तुझ्या ओव्यांचे रेकॉर्डिंग मी ऐकले, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यवस्थित आहे.

येण्याविषयी. दिवाळीला जमत नाही. मार्गशीर्षात दादाच्या लग्नाला येते आहे, पण रजा नऊच दिवसांची आहे, त्यामुळे काकांकडचे केळवण मला चुकेल. त्यांच्या बागेची छाटणी उरकली असेल तर तुम्ही तरी निवांत जा. या महिन्याचे पैसे पाठवले आहेत, तिकिटामुळे थोडे कमी आहेत, पुढच्या महिन्यात भरून काढीन. हॉलचे आगाऊ पैसे बाबांनी मुदत ठेव मोडून भरू नयेत. मामींनी सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. त्या मुलाची आणि माझी फोनवर दोनदा बोलणी झाली आहेत, हे मी सांगायला हवे होते. लग्नघरात हा विषय कोणी काढू नये एवढीच विनंती आहे. मी येईन तेव्हा आपण तिघे बोलू.

तुमची,
धाकटी