नाव न सांगितल्याबद्दल

हवालदार मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा चहाच्या टपरीवर कळलं. भेटायला यावं असं फार वाटलं. पण ठाण्याची पायरी चढलो असतो तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत ‘हा कशाला गेला होता?’ सुरू झालं असतं आणि तुम्ही सांभाळलेलं गुपित मीच फोडलं असतं. म्हणून हे असं, उघड पण बिननावाचं पत्र.

आमचं घर मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून. लग्नाचा त्रास कधीच नव्हता. अक्षता, वाजंत्री, पंगती, सगळं दिवसाउजेडी उरकतं. त्रास हळदीचा. आदल्या रात्री नऊला डीजे लागायचा, तो एक-दीडपर्यंत. मांडणीतली ताटं खुळखुळायची आणि माझी 84 वर्षांची आई छातीवर हात ठेवून उठून बसायची. कानात कापूस घातला तर गाणं तरी कमी होतं, पण बेस भिंतीतून आणि पलंगातून येतो.

तीन वर्षांपूर्वी, तुम्ही इथे येण्याआधी, एकदा हिंमत करून फोन केला होता. गाडी आली. आलेल्या गृहस्थांनी मांडवात उभं राहून सरळ माझ्या खिडकीकडे हात केला, “त्या घरातनं तक्रार आलीय, जरा कमी करा.” दहा मिनिटं कमी झालं. सकाळी माझ्या फाटकासमोर फटाक्यांची माळ लागली. नवऱ्या मुलाचा चुलता शाळेत माझ्या बाकावर बसायचा. त्याने बोलणं टाकलं ते आजतागायत. तालुक्याच्या गावात शेजारी, किराणा दुकानदार, पतसंस्थेचा संचालक आणि पुतणीचा सासरा हा बरेचदा एकच माणूस असतो. त्याच्याशी वाकडं घेऊन राहायचं कुठे?

गेल्या वैशाखात तुमच्यासमोर बसलो तेव्हा अर्ज खिशातच होता, काढायचा धीर होत नव्हता. तुम्ही नाव विचारलंच नाहीत. कुठलं कार्यालय, किती वाजेपर्यंत, स्पीकरची तोंडं कुठल्या बाजूला, एवढंच विचारलंत. वर म्हणालात, “काका, तक्रारदाराचं नाव समोरच्याला कळू द्यायचं नाही, हायकोर्टाने सांगितलंय.” घरी येऊन शोधलं, तर खरंच. कुर्ल्यातल्या भोंग्यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना हे बजावलं आहे. आवाजाचे नियम तर 2000 सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. इतकी वर्षं नियम होता, पण तो उच्चारायला लागणारं माणूस नव्हतं.

तुम्ही लगेच कुणाच्या हळदीत शिरला नाहीत, हे मला तेव्हा खटकलं होतं, खोटं का बोलू? पावसाळ्यात, लग्नं थंडावल्यावर, तुम्ही कार्यालयवाले, साउंडवाले आणि बँडवाले एकत्र बोलावलेत. तिथलं मला नंतर एका साउंडवाल्या पोराने सांगितलं. (त्याला माहीत नाही तो कुणाला सांगतोय!) सणांसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत मिळते, त्यात कुणाची हळद बसत नाही, हे तुम्ही सांगितलंत. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, हेही. मग त्या पोरांचे सिस्टिमवरच्या कर्जाचे हप्ते ऐकून घेतलेत आणि तोडगा सुचवलात: हळद पाचलाच सुरू करा, तेवढेच तास वाजवा, तेवढेच पैसे घ्या, स्पीकरची तोंडं उसाकडे करा. आता कार्यालयाच्या बुकिंगच्या पावतीवरच ‘रात्री 10 वाजता आवाज बंद’ असं छापलेलं असतं. तो पोरगा म्हणाला, “आम्हालाबी घरी जाऊन जेवायला मिळतंय.”

आता एक जरा अवघड गोष्ट. कोजागिरीनंतर एका पहाटे तुम्ही आमच्या देवळात आलात. काकडा पाचला सुरू होतो आणि कळसाजवळचा भोंगा नदीपलीकडे ऐकू जातो, याचा आम्हा भजनी मंडळाला कोण अभिमान! टाळ हातात घेऊन मी पहिल्याच रांगेत होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणालात, “काका, सहापर्यंत भोंगा नाही.” मला दरदरून घाम फुटला. मंडळातले दोघे-तिघे चिडले, ‘नेमकी आपलीच तक्रार कुणी केली?’ म्हणून तर्क लढवायला लागले. तुम्ही त्यांनाही नाव सांगितलं नाहीत. देवळामागे कुणाच्या घरात कोण छातीवर हात ठेवून उठून बसत होतं, मला आजही ठाऊक नाही. भोंगा त्या दिवसापासून सहाच्या आत लागला नाही.

गेल्या आठवड्यात कार्यालयात हळद होती. पावणेदहाला सगळं शांत झालं. आईने मला हाक मारली आणि काळजीने विचारलं, “का रे, लग्न मोडलं की काय?”

नव्या गावी सांभाळून राहा.

तुमचा,
कार्यालयामागच्या गल्लीतला एक काका