मणी दाबताना

प्रिय मित्रा,

तू विचारलं होतंस, "पाण्यानं फुगलेला जेलचा मणी म्हणजे रबराचा चेंडूच ना?" उत्तराला उशीर झाला, कारण मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

दोन सपाट काचांमध्ये मणी धरून दाबत गेलं की सुरुवातीला तो चेंडूसारखाच वागतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झचा 1882 चा नियम त्याला लागू पडतो: दुप्पट दाबायचा तर बल दुप्पट नाही, सुमारे 2.8 पट लागतं. कारण काचेला टेकलेलं वर्तुळही दाबाबरोबर रुंदावत जातं. मणी फार चपटा झाला की हा नियम सुटतो आणि बल त्याहून झपाट्यानं चढतं.

खरी गंमत पुढे आहे. काच आहे तिथेच थांबवली, तरी बलाचा आकडा उतरू लागतो. आधी भरभर, मग रेंगाळत. माझी पहिली मोजणी वाया गेली, कारण उघड्यावर मणी वाळत होता आणि मी त्यालाच मण्याचा स्वभाव समजत होतो. मग सगळं पाण्याखाली नेलं. तिथे मणी दिसेनासाच होतो रे! प्रकाश पाण्यात आणि त्याच्यात जवळपास सारखाच वळतो. तरीही आकडा उतरतच राहिला.

आता दोन शक्यता उरल्या. मणी म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचं, पाणी धरून ठेवणारं जाळं. त्या साखळ्या सरकून सैल होत असतील, किंवा जाळ्यातलं पाणी झिरपून बाहेर जात असेल. पहिल्या गोष्टीला लागणारा वेळ मणी लहान की मोठा यावर अवलंबून नसतो. पाण्याला मात्र वाट कापावी लागते, आणि वाट दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. म्हणून दुप्पट व्यासाचा मणी घेतला आणि व्यासाच्या तेवढ्याच हिश्शानं दाबला. बल उतरायला चौपटीच्या आसपास वेळ लागला, म्हणजे पाणीच झिरपत होतं. त्या संध्याकाळी मी जागचा उठलो नाही. झटकन दाबला तर पाण्याला निसटायला सवड नाही, म्हणून मणी आकार बदलतो, आकारमान नाही. सावकाश दाबला तर तो खरोखरच लहान होतो. म्हणजे "हा मणी किती मऊ?" याला एकच उत्तर नाही, किती वेळ दाबलास, तेही सांगावं लागतं.

काच उचलल्यावर मण्याच्या दोन्ही टोकांना चपटे डाग राहिले होते. रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी बोटावर घेऊन फिरवून पाहिला, डाग सापडले नाहीत. पुन्हा दाबला, तर आलेख कालच्या रेषेवरच बसला.

तुझा,
मित्र