ध्यानाचं सत्र झालं, कामाचं काय?

संपादक महोदय,

गेली चौदा वर्षं मी मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांची आखणी माझ्याकडेच असते. एका महिनाअखेरीला मी दुपारी ध्यानाचं सत्र ठेवलं. हिशेब विभागातली एक सहकारी मागच्या रांगेत डोळे मिटून बसली होती, मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता. सत्र संपल्यावर ती म्हणाली, “मॅडम, हा अर्धा तास आता रात्री भरून काढावा लागेल.” हजेरीपटावर तिची सही आहे आणि आमच्या लेखी तो कार्यक्रम यशस्वी ठरला. मला तेव्हापासून स्वस्थता नाही.

अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीत अशा कार्यक्रमांची नीट चाचणी झाली. 160 शाखा, जवळपास 33 हजार कर्मचारी. दीड वर्षानंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण व्यायाम करू लागलो, असं सांगणारे वाढले. पण रक्तदाब, वजन, गैरहजेरी, औषधपाण्याचा खर्च यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. ताण ज्या कामातून येतो, त्या कामाला आपण हातच लावत नाही.

जपानने निदान मोजायला सुरुवात केली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी डिसेंबर 2015 पासून वर्षातून एकदा ताणाची तपासणी करावीच लागते. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती अट अशी, की निकाल कर्मचाऱ्याच्या हाती जातो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही. माणूस खरं लिहितो तो अशाच भरवशावर. आमच्या प्रश्नावलीत सर्वांत वर नाव आणि कर्मचारी क्रमांक असतो. तिथे “मी थकलोय” असं कोण लिहील? फ्रान्सने 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियाने 2024 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे.

ध्यान, योग यांना माझा विरोध नाही. मी स्वतः रोज करते. पण पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी प्रश्नावलीतून नाव काढलं आहे आणि महिनाअखेरीला हिशेब विभागात दोन जादा माणसं मागितली आहेत. ध्यानाच्या सत्रांना त्याच दिवशी मंजुरी मिळाली. माणसांच्या मागणीवर अजून उत्तर नाही.

– मनुष्यबळ विभागातील एक वाचक