सलग टेकचं कौतुक पुरे, तालमींबद्दल लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेब सीरिजवरच्या लेखांत ‘अ‍ॅडोलेसन्स’चा विषय निघाला की ‘अख्खा भाग एका टेकमध्ये!’ या उद्गारापुढे गाडी जात नाही. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही चार भागांची ब्रिटिश मालिका कौतुकाची आहेच. तेरा वर्षांच्या जेमी मिलरला शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पोलीस सकाळी सकाळी घरात घुसून उचलतात, तिथून ती सुरू होते. पण कट न करता तासभर कॅमेरा चालवला, एवढंच लिहिलं की दोन गोष्टी झाकल्या जातात. तो टेक जमला कशामुळे आणि त्यापायी मालिकेला काय काय सोडावं लागलं?

जमला तो वेळापत्रकामुळे. प्रत्येक भागाला तीन आठवडे दिले होते. पहिल्या आठवड्यात नटांच्या तालमी, दुसऱ्यात कॅमेरा, ध्वनी, प्रकाश या सगळ्यांना घेऊन तांत्रिक तालमी आणि तिसऱ्यात चित्रीकरण, तेही दिवसाला साधारण दोन टेक. पडद्यावर आलेल्या टेकचे आकडे बोलके आहेत: पहिल्या भागाचा दुसरा, दुसऱ्याचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा आणि चौथ्याचा सोळावा. दिग्दर्शक फिलिप बॅरन्टिनी आणि छायाचित्रणकार मॅथ्यू लुइस यांना हा खेळ नवा नव्हता. ‘बॉइलिंग पॉइंट’ (२०२१) या त्यांच्या सलग एका टेकमधल्या चित्रपटासाठी आठ टेक ठरले होते, कोविडमुळे चारच घेता आले आणि तिसरा वापरला.

यंत्रसामग्रीही विचार करून निवडलेली. डीजेआय रोनिन ४डी हा कॅमेरा आटोपशीर, त्याचा जिंबल (हादरे शोषून कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा) अंगचाच, त्यामुळे दोन ऑपरेटर तो चालू असतानाच हातोहात एकमेकांकडे देऊ शकले. दुसऱ्या भागात शाळेतला मुलगा खिडकीतून उडी मारून पळतो आणि पोलीस अधिकारी मागे धावतो, तिथे कॅमेराही खिडकीतून पलीकडे दिला जातो. याच भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला अडकवला जातो, गावावरून उडत खुनाच्या जागी जातो, तिथे माणसं तो झेलतात, सोडवतात आणि चालत जाऊन जेमीच्या बापाच्या चेहऱ्याशी थांबतात. ड्रोनला वारा लागतो, हे सांगायला नको. जवळपास पन्नास मिनिटं सगळं बिनचूक होऊन शेवटच्या दोन मिनिटांत वारा सुटला, तर तीनशेहून अधिक मुलांना पुन्हा पहिल्या जागेवर उभं करायचं. जागांची निवडही याच हिशेबाने झाली. पोलीस ठाणं हा स्टुडिओतला सेट आणि मिलर कुटुंबाचं घर तिथून गाडीने काही मिनिटांवर. अंतर वाढलं असतं, तर जेमीला ठाण्यात नेणाऱ्या व्हॅनमधला प्रसंग उगाच पाणी घालून वाढवावा लागला असता.

आता किंमत. कट नाही म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन माणसांपैकी एकाचाच चेहरा नीट दिसणार. नेहमीच्या मालिकेत ही अडचणच येत नाही, दोन्ही बाजूंनी चित्रण करून संकलक हवा तो चेहरा लावतो. इथे कोणत्या वाक्याला कोण दिसणार, हे तालमीतच पक्कं करावं लागतं. तिसऱ्या भागात याचं सोनं झालं. मानसशास्त्रज्ञ (एरिन डोहर्टी) आणि जेमी (ओवेन कूपर) एका टेबलाशी बसलेत. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, वर मार्शमेलो, शिवाय स्वतःचं अर्धं सँडविच. कॅमेरा टेबलाभोवती संथ फिरत राहतो. जेमी एखादं भयंकर वाक्य सहज बोलून जातो तेव्हा अनेकदा आपल्याला तिचाच चेहरा दिसत असतो, म्हणजे ते वाक्य नुसतं कानावर येतं आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. मुलाला बाहेर नेल्यावर ती ते खाल्लेलं सँडविच पाहते आणि शिसारी येऊन हात मागे घेते. त्या सँडविचचा आधीचा सगळा प्रवास आपण पाहिलेला असतो, म्हणून त्या क्षणी संवादाची गरजच उरत नाही. मधेच जेमी जांभई देतो आणि ती ‘कंटाळा आला का माझा?’ असं विचारते, ते संहितेत नव्हतं. टेक मोडला नाही, कारण दोघांनाही आपापली पात्रं आतून पाठ होती. याच कामासाठी ओवेन कूपरला पंधराव्या वर्षी एमी हा अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार मिळाला आणि चित्रीकरणाच्या क्रमात त्याच्या वाट्याला आलेला पहिला भाग नेमका हाच होता.

दुसरा भाग मात्र फसला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यांतून चालण्यात मिनिटंच्या मिनिटं जातात, कारण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला कॅमेऱ्याला पायच वापरावे लागतात. संकलकाने ते चालणं दोन सेकंदांत उरकलं असतं. शिक्षक तर व्यंगचित्रासारखे झालेत. रंगीत हृदयांचे इमोजी मुलांच्या भाषेत काय सांगतात, हे अधिकाऱ्याचा मुलगा बापाला शिकवणी घेतल्यासारखं समजावतो. शिवाय त्याच भागात महिला पोलीस अधिकारी म्हणते की लोकांच्या लक्षात जेमी राहील, खून झालेली केटी कुणालाच आठवणार नाही. वाक्य खरं आहे, पण नंतरच्या दोन भागांत मालिका स्वतः तेच करते. मेलेल्या मुलीच्या घरात कॅमेरा एकदाही शिरत नाही.

पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: ही मालिका मूळ इंग्रजी आवाजातच पाहावी, सबटायटल लावून. उत्तर इंग्लंडकडचे उच्चार पहिली दहा मिनिटं जड जातात, मग कान बसतो. सलग टेकमध्ये श्वास, पावलं, दार, दुसऱ्या खोलीतला गलका हे सगळं एकाच वेळी टिपलेलं असतं. डबिंगमध्ये स्टुडिओतला स्वच्छ आवाज वर चढवला की जवळ-लांब हा फरक पुसला जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ (कंपनीगणिक नाव वेगळं असतं) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर चालत्या कॅमेऱ्याची दृश्यं डेली सोपसारखी गुळगुळीत दिसतात.

हिंदी-मराठीतल्या निर्मात्यांनी यातून सलग टेक उचलू नये, भागांची संख्या उचलावी. ‘पंचायत’चा चौथा सीझन आठ भागांचा. दुधी भोपळा विरुद्ध प्रेशर कुकर या निवडणूक चिन्हांची, गावच्या प्रधानकीची लढत चार भागांत फर्मास झाली असती, आठांत तेच टोमणे पुन्हा ऐकावे लागतात. उलट तिहार तुरुंगावरचं ‘ब्लॅक वॉरंट’ सात भागांत आटोपतं आणि जवळपास कुठेच रेंगाळत नाही. मराठीत ‘मानवत मर्डर्स’मध्ये आशुतोष गोवारीकरांनी तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुळकर्णी किती संयमाने उभे केले आहेत! मकरंद अनासपुरे आणि सोनाली कुलकर्णीही मुरलेले. पण तपास एकदा पकडीत आल्यावर आठ भागांचं पोतं भरण्यासाठी प्रसंग लांबवल्यासारखे वाटतात.

आणि तालमी. आपल्याकडे त्या नव्याने शिकायला कुठे जायला नको. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत उतरणारी कॉलेजची पोरं महिना-महिना तालमी करतात, प्रवेशाची जागा, प्रकाश आणि संगीताच्या खुणा मोजून पक्क्या करतात, पडदा उघडल्यावर कुणी ‘कट’ म्हणणार नसतं. हीच मुलं पुढे मालिकांत येतात तेव्हा त्यांच्या हातात सीनचे कागद सेटवर, त्याच दिवशी पडतात. वेब सीरिजला रोजचा भाग देण्याची घाई नाही, तरी तालमीचे दिवस बजेटमध्ये सगळ्यात आधी कापले जातात. एका सहा भागांच्या मालिकेतला एक भाग कमी केला तर त्याच पैशांत उरलेल्या पाचांना प्रत्येकी दोन-तीन दिवसांच्या तालमी सहज मिळतील. पाठांतरासाठीच नाही, फोकस पुलरला (चित्र स्पष्ट राहावं म्हणून लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याला) नट कुठे थांबणार हे कळावं आणि ध्वनिमुद्रकाला माइक कपड्यात कुठे लपवायचा हे ठरवता यावं, यासाठीही हे दिवस लागतात.

आपल्या पुरवणीतल्या परीक्षणांबद्दल एक विनंती. चार तारे, साडेतीन तारे याऐवजी भाग किती, प्रत्येकाची लांबी किती, मूळ भाषा कोणती आणि लेखक, छायाचित्रणकार, संकलक कोण, ही माहिती चौकटीत द्यावी. दिग्दर्शक आणि दोन ठळक नटांच्या पुढे आपली श्रेयनामावली सध्या जात नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे