पुन्हा गॅसचीच भानगड

सीडर रॅपिड्स, आयोवा
8 फेब्रुवारी 2026, रविवार संध्याकाळ

प्रिय दिल्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. संक्रांतीला तू तिळगुळाचा फोटो पाठवलास, त्यावर नुसता अंगठा टाकून मोकळा झालो. शिव्या काय घालायच्यात त्या घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच. फोनच करणार होतो. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, सगळी आळी ऐकते, आणि इकडे रेवती घरात. म्हणून तळघरात येऊन बसलोय आणि टाईप करतोय.

आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर काठावर आहे, पडलेली नाही. अर्णव माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झालाय. झालं.

आता मुद्दा. विश्रामबागेतल्या खोलीवरची गॅसची नळी आठव. मी चिकटपट्टी लावली होती ती. तू ती कात्रीने कापून खिडकीतून फेकलीस, पंचेचाळीस रुपयांची नवी आणलीस आणि तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस. ‘सुध्या, तू एक दिवस चाळीस रुपयांपायी कुणाला तरी मारणार,’ असं मालकांच्या देखत म्हणाला होतास. ते मी अजून विसरलेलो नाही. (ती नळी तितकीही चिरलेली नव्हती. हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

तर पुन्हा गॅसचीच भानगड आहे. या वेळी वास येत नाही एवढाच फरक.

डिसेंबरात शेजारच्यांनी घर विकायला काढलं. घेणाऱ्याने रेडॉनची, म्हणजे मातीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, तपासणी मागितली, आकडा नऊ आला आणि शेजाऱ्याला किमतीत दीड हजार डॉलर सोडावे लागले. ते ऐकून मी दुकानातून वीस डॉलरची डबी आणली. आत कोळशाची पूड असते. दारं-खिडक्या बंद ठेवून ती दोन-तीन दिवस तळघरात टांगायची आणि पोस्टाने प्रयोगशाळेत पाठवायची. उत्तर आलं, लिटरभर हवेत 11.2 पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप). विश्वास बसेना म्हणून दुसरी टांगली. 10.6. इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं की चारच्या वर गेलं की दुरुस्ती करा, आणि दोन ते चारमध्ये असलं तरी विचार करा.

तू शिकवतोस, तुला काय सांगायचं? तरी सांगतो, कारण आठवी-नववीला ‘राजवायू कुणाशी संबंध ठेवत नाहीत’ हे पाठ करून तू मला गुण मिळवून दिले होतेस. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, आणि बाकावर शेवटी बसलेला रेडॉन. कोणत्याही मातीत थोडं युरेनियम असतंच, त्याचं फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियमचा हा वायू. हा स्वतः खरंच कुणाच्या अध्यात ना मध्यात. श्वासाबरोबर आत जातो, तसाच बाहेर येतो. पण अर्धायुष्य पावणेचार दिवसांचं, आणि मागे जी पिल्लावळ ठेवतो, पोलोनियम 218 आणि 214, ती धुळीला चिकटते, फुप्फुसात बसते आणि तिथेच फुटते. एक पिकोक्युरी म्हणजे लिटरभर हवेत मिनिटाला सव्वादोन अणू फुटणं. आमच्या तळघरात पंचवीस. सिगारेटनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं अमेरिकेतलं दुसरं कारण हेच, वर्षाला अंदाजे 21,000 माणसं.

आणि आयोवा म्हणजे या वायूचं माहेरघर. राज्यातल्या 99 च्या 99 काउंटी, म्हणजे आपले जिल्हे, रेडॉनच्या सरकारी नकाशावर लाल, सगळ्यात जास्त धोक्याच्या आहेत. हिमनद्यांनी उत्तरेकडचे खडक दळून इथे आणून पसरले, म्हणून म्हणे इथला मका असा वाढतो. मक्याबरोबर हेही आलं. आपला काळा दगड युरेनियमच्या बाबतीत अगदी दरिद्री, वर आपल्या घरांना झरोके, फटी, कायम उघडी दारं. इथे बाहेर उणे वीस असतं, घर डब्यासारखं बंद. आतली गरम हवा वर चढते आणि घर खालून मातीतली हवा ओढून घेतं, तू स्ट्रॉने उसाचा रस ओढतोस तसं. तुझ्या आईला मी एकदा म्हणालो होतो, ‘काकू, सारवायचं सोडा, फरशी घाला.’ त्यांना सांग, शब्द मागे घेतो.

एक गोष्ट सांगतो, वर्गात सांगायला उपयोगी पडेल. 1984 चा डिसेंबर, पेनसिल्व्हेनिया. लिमरिकच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथे स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनियर. माणसाच्या अंगावर किरणोत्सार लागला की ओरडणारी यंत्रं दाराशी बसवलेली होती. हा आला की यंत्र ओरडायचं. गंमत अशी की केंद्र अजून सुरूच झालेलं नव्हतं, आणि एकदा तर तो कामावर जाताना, आत शिरतानाच ते ओरडलं. म्हणजे घाण हा घरून घेऊन येत होता! घर तपासलं तर 2,700 पिकोक्युरीच्या आसपास. तोवर हा प्रश्न खाणीतल्या मजुरांचा समजायचे, राहत्या घराचा नव्हे.

आता पैशाचं ऐक. तुला माझी खोड माहीत आहे, तीन ठिकाणी भाव केल्याशिवाय मी कोथिंबीर घेत नाही. दुरुस्ती म्हणजे फरशीखालची हवा पंख्याने ओढून छपरावर सोडायची. साध्या घराला इथे त्याचे साधारण आठशे ते अडीच हजार डॉलर पडतात, आणि तिघांनी तीन टोकं सांगितली.

पहिला म्हणाला 1,150. तळघराच्या काँक्रीटला एक भोक, त्यात पाईप, पाईप भिंतीतून बाहेर, बाहेरच पंखा आणि पाईप छपराच्या वर. दुसरा 1,725. त्याचा पाईप कपाटातून, गॅरेजच्या माळ्यावरून छपरातून वर, पंखा माळ्यावर. दिसत नाही, आवाज येत नाही, आणि थंडीत पाईपमधलं पाणी गोठत नाही. तिसरा 2,600. त्याने दोन भोकं सांगितली, शिवाय जेवणघराखाली जी रांगायची पोकळी आहे तिथल्या उघड्या मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरून, कडा भिंतीला चिकटवून, तिच्या खालूनही हवा ओढायची. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं काढून दाखवली. मला लगेच आपले ते एलआयसीवाले सर आठवले.

मी पहिल्याकडेच झुकलो होतो, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्याने एक काम केलं जे बाकीच्या दोघांनी केलं नाही. मुख्य जागी भोक पाडलं, त्याला मोठा व्हॅक्यूम लावला, मग लांबच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढं छिद्र पाडून त्याच्या तोंडाशी धुराची कांडी धरली. धूर सरळ खाली ओढला गेला. म्हणजे फरशीखाली चांगली खडी आहे, हवा मोकळी फिरते, एक भोक पुरतं. खडीऐवजी चिकणमाती असती तर दोन-तीन भोकं, ताकदीचा पंखा आणि तिसऱ्याचा आकडा खरा ठरला असता. भावातला सगळा फरक इथेच आहे बघ: खाली काय आहे आणि पाईप कुठून न्यायचा. मी सवयीने म्हणालो, ‘थोडं कमी करा.’ तो हसला आणि पंचाहत्तर सोडले. 1,650. रुपयांत करू नकोस, मी केलं आणि जेवलो नाही. 2020 च्या ऑगस्टमधल्या वादळात छप्पर गेलं तेव्हा विम्याने पैसे दिले होते. याला दमडी देत नाही, विचारून झालं.

बुधवारी अर्ध्या दिवसात काम उरकलं. भोकातून हाताने चार बादल्या खडी उपसली, भेगा बुजवल्या, पाणी साठतं त्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं. पाईपवर इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, तिच्यात लाल तेल. दोन्ही बाजूंचं तेल सारखं झालं की समजायचं पंखा मेला. अर्णव दिवसातून चारदा पाहून येतो. पंखा साठ वॅटचा, चोवीस तास चालू, महिन्याला सहा-सात डॉलर बिल. दहाएक वर्षांनी बदलायचा, दर दोन वर्षांनी तपासणी. एवढंच. ज्याची मला तीन आठवडे झोप नव्हती ते काम फ्रिज दुरुस्तीपेक्षा फार मोठं नाही.

पण मी तुला हे सांगायला लिहीत नाहीये.

जानेवारीत पहिला आकडा आला तेव्हा रेवती म्हणाली, ‘घर घेताना आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही?’ मी म्हणालो, ‘हो ना.’

दिल्या, सांगितलं होतं. 2018 मध्ये रेवती धाकटीच्या लग्नाला अर्णवला घेऊन साताऱ्याला होती, सह्या मी एकट्याने केल्या. घर तपासायला आलेला माणूस म्हणाला, ‘रेडॉनची चाचणी पण करू का? दीडशे जादा.’ मी म्हणालो नको. आधीच इतके पैसे चालले होते, मला वाटलं हा कमाई वाढवतोय. तेव्हा चाचणी केली असती तर हा सगळा खर्च आधीच्या मालकाच्या गळ्यात मारता आला असता, आपल्या शेजाऱ्याचं झालं तसा. दोन आठवड्यांपूर्वी छपराच्या वॉरंटीचा कागद शोधायला फाईल काढली, तर त्यात रेडॉनची सरकारी माहितीपत्रिका. इथे घर विकताना ती द्यावीच लागते. खाली पोचपावती, तिच्यावर माझी सही, तीच ती बिनवळणाची, जिला तू शेपूट म्हणायचास. कागद मी काढला आणि टॅक्सच्या खोक्यात तळाशी घातला. फाडला नाही. का फाडला नाही आणि का लपवला, दोन्ही मला सांगता येत नाही.

तीस हजार डॉलर घालून हे तळघर सजवलं रे. गालिचा, मोठा टीव्ही. अर्णवचा सगळा वेळ इथेच. आणि तात्या. चार उन्हाळे, दर वेळी पाच महिने, तात्या खालीच झोपले. ‘गार आहे, आपल्या माजघरासारखं,’ म्हणायचे. मी उन्हाळ्यातसुद्धा एसीसाठी खिडक्या बंद ठेवायचो. त्यांची बिडी 2009 ला सुटली, पण त्याआधीची पस्तीस वर्षं कुठे जातात? इथल्या तक्त्यात लिहिलंय: दहा पिकोक्युरीत जन्म काढला तर कधीच न ओढणाऱ्या हजारांत अठरा जणांना हा रोग होतो, ओढणाऱ्या हजारांत दीडशेंना. दीडशे! हा आकडा माझी पाठ सोडत नाही. जन्म काढणं वेगळं आणि वीस महिने वेगळे, हे मला कळतं, हिशोब मी दहा वेळा केलाय. सोडलेल्याचा धोका मधे कुठेतरी असतो, हेही वाचलंय. पण संक्रांतीच्या मेसेजमध्ये तू सहज लिहिलंस, ‘तात्यांचा खोकला अजून जात नाही.’ त्याच आठवड्यात माझा आकडा आला.

म्हणून काम सांगतो. त्यांना मिरजेला घेऊन जा आणि छातीचा फोटो काढून घे. डॉक्टरांना बिडीचं सांग, या तळघराचंही सांग. तात्यांना सांगू नकोस. ऊसतोडीच्या धुळीचं वगैरे काहीतरी कारण काढ. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतात, लहानपणापासून तुझंच ऐकत आलेत. मला त्याचा राग यायचा, आता बरं वाटतं. पैसे पाठवतो, नको म्हणू नकोस.

रेवतीला सांगणार आहे. तू आधी तिला काही बोलू नकोस, वहिनींना तर अजिबात नको, त्या दोघींचं रोज बोलणं असतं. ती दीडशे डॉलरसाठी रागावणार नाही, मला माहीत आहे. ‘हो ना’साठी रागावेल. तू नळीसाठी नव्हता रागावलास, मी आधी ‘चिरलेली नाही’ म्हणालो म्हणून, असं तू कराडच्या लग्नात मला सांगितलंस. एवढं मोठं सत्य सांगायला तू एकवीस वर्षं घेतलीस आणि वर जिलब्या खात होतास.

सईची बारावी जवळ आली ना? तिला सांग, काका परीक्षेनंतर फोन करेल, आधी करून डोकं खाणार नाही. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं? आणि तुझ्या ज्युनिअर कॉलेजातली ती पगाराची भानगड मिटली का? पुढच्या पत्रात सगळं विचारतो, खरंच.

तात्यांचा फोटो काढलास की आधी मला पाठव. रात्र असली तरी.

तुझा,
सुध्या

ता. क. पंखा लावल्यावरची चाचणी चालू आहे, डबी काल रात्री आठला माझ्या डोक्यावरच टांगली आहे. रेवती आत्ताच जिन्यात येऊन विचारून गेली, ‘खाली कोंदट नाही का होत, जरा खिडकी उघडू?’ नको म्हटलं, अजून सव्वीस तास. ‘मग तू तरी वर ये,’ म्हणाली. जातो.