‘मनी’ मनातलाच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मनी’ (पैसा) या इंग्रजी शब्दाची कथा वाचली. कॅपिटोलिन टेकडीवरच्या हंसांनी कलकलाट करून रोमला गॉल टोळ्यांपासून सावध केले, म्हणून जूनो देवी ‘मोनेटा’, म्हणजे इशारा देणारी ठरली, असे त्यात होते. गोष्ट झकास, पण सनावळी आडवी येते. हंस ओरडले ते परंपरेनुसार इ.स.पू. ३९० मध्ये, मोनेटाचे देऊळ झाले इ.स.पू. ३४४ मध्ये, तेही दुसऱ्याच लढाईतल्या नवसापोटी. घोटाळ्याचे मूळ बहुधा रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात आहे : हंसांमुळे जागा झालेल्या मॅन्लियस या रोमन सरदाराचे घर जिथे होते, तिथेच पुढे हे देऊळ उभे राहिले. रोमन वक्ता सिसेरो तर या नावामागचा इशारा निराळाच सांगतो. भूकंप झाला तेव्हा जूनोच्या देवळातून आवाज आला म्हणे, गाभण डुकरिणीचा बळी द्या!

नंतर रोमची टांकसाळ या देवळापाशीच सुरू झाली आणि देवीचे नाव टांकसाळीला, मग पैशाला चिकटले. इ.स.पू. ४६ च्या एका चांदीच्या नाण्यावर पुढे देवीचा मुखवटा आणि ‘मोनेटा’ ही अक्षरे, तर मागे ऐरण, हातोडा आणि सांडशी. घडवणाऱ्याची हत्यारेच नाण्यावर! आयुष्यभर कॅशियरकी केली, पण असे नाणे कधी हाती आले नाही. इंग्रजीतला ‘मिंट’ही याच मोनेटाचा, चटणीतल्या पुदिन्याचा ‘मिंट’ मात्र वेगळा, तो ग्रीकांकडचा.

खरी गंमत पुढे आहे. रोमन लोक मोनेटाचा संबंध ‘मोनेरे’ या क्रियापदाशी लावत. त्याचा अर्थ आठवण देणे, बजावणे. वर्गातला मॉनिटर त्यातूनच आला. हे क्रियापद आपल्या संस्कृत ‘मन्’ धातूच्या कुळातले. मन, मती, मंत्र ही त्याची इकडची भावंडे. म्हणजे रोमनांचे म्हणणे मानले, तर ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ यातला मनी आणि मनीऑर्डरीतला मनी लांबचे का होईना, भाऊबंद ठरतात.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. पोस्टमन दारात दिसला की आजी विचारायची, “मन्याडर आली का रे?” त्याच्याकडून ती आधी कुपनावरच्या दोन ओळी वाचून घ्यायची, नोटा नंतर मोजायची.

– एक निवृत्त कॅशियर, सातारा